ग्रंथ कुठे झिजलाय ते आधी बघा

परभणीच्या एका शिक्षिकाबाईंनी फोटो पाठवून विचारलंय. आजोबांचा वाडा आवरताना माळ्यावर एक लाकडी पेटी निघाली. तिच्यात लाल फडक्यात बांधलेल्या दोन हस्तलिखित पोथ्या आहेत. एकीचं अक्षर लागतं. दुसरीचं देवनागरीसारखं दिसतं, पण शब्दच लागत नाही. शिवाय एक छापील गुरुचरित्र, आजोबांच्या मित्राने ठेवायला दिलेली कुराणाची जुनी प्रत आणि पाठ निखळलेलं मराठी बायबल. मोठी माणसं म्हणतात, सगळं एका गाठोड्यात बांधून गोदावरीत सोडा. मुलगा म्हणतो, सगळे धर्मग्रंथच, म्हणजे सारखेच. स्कॅन करा आणि मोकळे व्हा. बाई विचारतात, खरंच सारखं असतं का? आणि आता करू काय?

ताई, आधी गोदावरीचं रद्द करा. पेटीतल्या पाचांपैकी एकालाही आज पाणी दाखवायची गरज नाही, आणि पाचही एका गाठोड्यात बांधायचे नाहीत. मुलाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. स्कॅन केल्याने मजकूर वाचतो. पण मजकूर वाचला म्हणजे ग्रंथ वाचला, असं सगळीकडे मानत नाहीत. कुणाचा ग्रंथ आवाजात असतो, कुणाचा अर्थात. आणि नांदेडला तर ग्रंथ म्हणजे साक्षात गुरू, त्यांना रात्री निजवतात आणि पहाटे उठवतात.

मी छत्रपती संभाजीनगरात (तोंडात अजून औरंगाबादच येतं) बत्तीस वर्षं पुस्तकं शिवतोय. वडील कचेऱ्यांची रजिस्टरं बांधायचे, मी जुन्या पोथ्यांच्या दुरुस्तीकडे वळलो. मी पंडित नाही, आलिम नाही, पाद्री नाही. कुणाच्या ग्रंथात काय सांगितलंय यावर मी तोंड उघडत नाही. पण ग्रंथ कुठे झिजलाय ते मला दिसतं, आणि त्यावरून तो कसा वाचला जातो ते कळतं.

तुमचं गुरुचरित्रच घ्या. फोटोतही दिसतंय की पोथी दोन ठिकाणी आपोआप उघडते. ते चौदावा आणि अठरावा अध्याय असणार. सप्ताहात सगळी पोथी सात दिवसांत होते, पण रोज म्हणून लोक हे दोनच वाचतात. तिथल्या पानांचे कोपरे काळपट, कडेला कुंकू, एखादं तेलाचं बोट. कुराणाच्या तीस पाऱ्यांचे, म्हणजे भागांचे, सुटे संच एका पेटीत घातलेले असतात. घरात कुणी गेलं किंवा नवं घर घेतलं की माणसं गोल बसतात, प्रत्येक जण एकेक पारा उचलतो आणि बघता बघता सगळं कुराण वाचून होतं. या संचातला तिसावा पारा माझ्याकडे सगळ्यात आधी फाटून येतो, कारण मुलं शिकायला सुरुवात तिथूनच करतात. त्यातल्या सूरा, म्हणजे अध्याय, लहान आहेत. अखंड प्रतीत मात्र यासीन सूरेची पानं आधी सुटतात. मराठी बायबल स्तोत्रसंहितेपाशी मोडतं. तुमचंही तिथेच मोडलंय, पाठीच्या साधारण मध्यावर.

आता कुराणाबद्दल जरा सविस्तर, कारण गैरसमजही इथेच जास्त. धंद्यात पडून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा एका गृहस्थांनी कुराण बांधायला दिलं. मी सवयीने मराठी पुस्तकासारखा पुठ्ठा चढवला. अरबी उजवीकडून सुरू होते. त्यामुळे नाव छापलेली बाजू शेवटच्या पानावर गेली. ते बघून माझेच हातपाय गार पडले. गृहस्थ रागावले नाहीत. त्यांनी प्रत उचलली, डोळ्यांना लावली, आणि माझ्या चटईकडे बघत म्हणाले, "बेटा, गलती तो होती. पन जमीन पे नक्को रखो." मी खाली बसून फर्मे (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) चटईवर पसरून शिवायचो. त्या दिवशी चौरंग आणला. आजही कोणाचाही ग्रंथ असो, काम चौरंगावरच होतं.

मुसलमानांच्या श्रद्धेप्रमाणे कुराण हे अल्लाहचं बोलणं, आणि ते अरबीतच उतरलं. त्यामुळे उर्दूत, मराठीत, हिंदीत जे छापतात त्याला तर्जुमा म्हणतात. तो अर्थ झाला, कुराण नव्हे. म्हणून वुजू करून, म्हणजे हात-तोंड-पाय धुऊन, हात लावायचा, रेहलवर (लाकडी घडीच्या घोडीवर) ठेवायचं, जुजदानात (कापडी वेष्टनात) गुंडाळायचं, आणि अक्षर घशाच्या नेमक्या कुठल्या जागेतून निघतं ते तज्वीद, म्हणजे उच्चाराचे नियम, शिकून घोटायचं. 114 सूरा मुखोद्गत असलेला हाफिज बारा-तेरा वर्षांचा पोरगाही असू शकतो. रमजानमध्ये रात्रीच्या तरावीहच्या नमाजात हाफिज बघून न वाचता सगळं कुराण पूर्ण करतात, आणि त्यांची चूक झाली तर मागच्या रांगेतला दुसरा हाफिज तिथल्या तिथे दुरुस्त करतो. उद्या सगळे छापखाने बुडाले तरी ते कुराण जिथल्या तिथे राहील.

"पण अर्थ न कळता वाचून काय उपयोग?" हा प्रश्न माझ्या दुकानात हिंदू गिऱ्हाईक हमखास विचारतं. मी विचारतो, तुमच्या घरी गेल्या श्रावणात रुद्र झाला, त्यातलं किती कळलं? मग हसतात. वेदाचं नातं तर कुराणापेक्षाही जास्त आवाजाशी आहे. वेदाला श्रुती म्हणायचं, म्हणजे ऐकायची गोष्ट. त्याची अक्षरं हलू नयेत म्हणून आपल्या लोकांनी जी युक्ती केली तिला तोड नाही. पदं सुटी करून म्हणायची, मग जोडीने, मग उलटसुलट. घनपाठात पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पहिलं-दुसरं-तिसरं, तिसरं-दुसरं-पहिलं, पुन्हा पहिलं-दुसरं-तिसरं, असं करत पुढे सरकायचं. एवढं घोटल्यावर एक मात्रासुद्धा निसटायला जागा नाही. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितलेत. त्यात लिहिलेलं बघून म्हणणारा एक आहे. (गंमत म्हणजे अर्थ न कळता म्हणणाराही त्याच यादीत आहे, पण ते सोयीने विसरलं जातं.) पैठण ही इतकी जुनी विद्वानांची पेठ, तरी तिथून माझ्याकडे वेदाची पोथी क्वचितच येते, त्याचं नवल वाटायला नको.

पैठणहून येते ती ज्ञानेश्वरी, आणि ज्ञानेश्वरीची तऱ्हाच निराळी. ती ऐकायची तशीच कळायचीही. 1290 साली नेवाशाला ती मराठीत सांगितली गेली तीच मुळी लोकांना कळावी म्हणून. पुढे तीनशे वर्षांत नकलाकारांनी तिच्यात आपापली भर घातली. एकनाथांनी 1584 साली पैठणला निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली, आणि शेवटी ताकीद दिली: यापुढे जो यात आपली ओवी घुसडेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असं समजा. मला हा माणूस म्हणूनच फार जवळचा वाटतो. त्यांनी ग्रंथ नुसता देव्हाऱ्यात ठेवला नाही. चुका काढल्या, आणि चुका काढणं हीच त्यांची भक्ती होती. आमच्या धंद्याचे मूळपुरुष म्हणा ना.

आपल्याकडे गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात मंडपात शे-दोनशे माणसं मांडीवर ज्ञानेश्वरी घेऊन बसतात आणि व्यासपीठचालकाच्या मागोमाग एका सुरात वाचतात. अठरा अध्याय, सात दिवस. शेतात राबलेल्या हातांनी पान उलटताना ते चुरगळतं. या प्रतींची झीज सगळीकडे सारखी असते, पहिल्या पानापासून पसायदानापर्यंत. बीड-लातूरकडच्या वीरशैव लिंगायत घरांत अशीच पारायणाची प्रत मन्मथस्वामींच्या परमरहस्याची असते. कपिलधारच्या यात्रेनंतर दुरुस्तीला येतात. "हिंदूंचा एकच असा ग्रंथ कोणता?" असं विचारणाऱ्याला या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळत नाही, आणि मिळावं अशी अपेक्षा करणं हीच गफलत. वेद ऐकायचा, गुरुचरित्राचा नेम करायचा, ज्ञानेश्वरी गावाने मिळून वाचायची. एकाच घरात तीन ग्रंथांशी तीन वेगळी नाती असतात.

तुमच्या दुसऱ्या पोथीने मात्र माझी झोप उडवली. अक्षरं ओळखीची, शब्द लागत नाही, हे वर्णन महानुभाव पंथाच्या सकळ लिपीला फिट्ट बसतं. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा खूण योजून केलेली ती सांकेतिक लिपी. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी, त्यांचं वास्तव्य मराठवाड्यात, पैठणला बराच काळ. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी ज्याने पाहिलं, ऐकलं त्याच्याकडे जाऊन विचारून गोळा केल्या. तो लीळाचरित्र ग्रंथ. परंपरा सांगते की पुढच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत गेली आणि शिष्यांनी आठवून आठवून ती पुन्हा उभी केली. इथे महानुभावांनी जे केलं ते मला थक्क करतं. एकाची आठवण दुसऱ्याशी जुळली नाही, तर त्यांनी एक खरी आणि एक खोटी ठरवली नाही. अमक्याची वासना (म्हणजे त्याच्या आठवणीतला पाठ) अशी, तमक्याची अशी, म्हणून दोन्ही लिहून ठेवल्या. एकनाथांनी फाटे छाटून एक पाठ केला. यांनी फाटे राखले. दोघांच्याही मनात ग्रंथाबद्दल धाक होताच, फक्त कशाचा धाक ते वेगळं होतं. यांना आपल्या स्वामींचा एखादा शब्द आपल्या हातून गळेल याची भीती होती.

मग हे ग्रंथ लिपीच्या कुलपात गेले आणि पंथाबाहेर ते कुणाला वाचता येईनात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी ते कुलूप उघडलं, तेव्हा जुन्या मराठी गद्याचा एवढा खजिना आपल्या बुडाशी होता हे बाकीच्या महाराष्ट्राला कळलं. म्हणून ती पोथी कुणाला विकू नका आणि तिची पानं लगेच सगळीकडे टाकूही नका. आधी महानुभाव महंतांना दाखवा. एका पानावरून ते सांगतील.

नांदेडचा उल्लेख सुरुवातीला केला होता. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवण्याआधी तिथे गुरुपद ग्रंथाला, म्हणजे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबाला दिलं, त्यानंतर माणूस गुरू नाही. एका गुरुद्वारात जुन्या बिरीचं, म्हणजे ग्रंथसाहिबाच्या प्रतीचं, शिवण सुटलं होतं, म्हणून मला बोलावलं होतं. बीर दुकानात येत नाही, आपण जायचं. पाय धुतले, डोक्याला रुमाल बांधला. काम करता करता मी म्हणालो, "हे पान जरा कडेने गेलंय." म्हातारे सेवादार हळूच म्हणाले, "पान नहीं जी, अंग." 1430 अंग. त्यानंतर सुई घालताना माझा हात हलका झाला तो झालाच. सकाळी प्रकाश (ग्रंथ उघडणं), रात्री सुखासन (निजवणं), वर चांदवा, चवरी ढाळणं. हे बघून बाहेरचा माणूस म्हणतो, ही तर मूर्तिपूजाच. शीख ते मानत नाहीत. त्यांच्या लेखी गुरू म्हणजे त्यातला शबद, म्हणजे त्यातली वाणी, आणि मान त्या शबदाला आहे. म्हणूनच तो झाकून ठेवत नाहीत. गातात, अखंड पाठात अठ्ठेचाळीस तासांत सगळा वाचतात, आणि रोज सकाळी मधूनच उघडून जो शबद येईल तो त्या दिवशीचा हुकूमनामा म्हणून घेतात. म्हणून बिरीचा ताण पाठीच्या मधल्या भागावर येतो. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वारात शेजारी दसम ग्रंथाचाही (दहावे गुरू गोविंदसिंगांच्या नावाने असलेल्या ग्रंथाचा) प्रकाश असतो. पंजाबात सहसा नसतो, आणि त्यावर शिखांमध्येच मतभेद आहेत. त्यात आपण पडू नये. मला अभिमान वाटतो तो एवढ्याचा की त्या 1430 अंगांत नामदेवांची 61 पदं आहेत. हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचं नाव सांगणारा शिंपी, आणि त्याच्या शब्दांवर रोज चवरी ढाळली जाते.

बायबलकडे येतो. इथे मी जन्मात विसरणार नाही अशी चूक केली. जालन्याकडच्या एका ख्रिस्ती बाईंनी वडिलांचं बायबल शिवायला दिलं. ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा, समासात तारखा, कुठे "आईचं ऑपरेशन", कुठे नुसतं नाव. मला वाटलं, पवित्र ग्रंथ कुणीतरी घाण केलाय. मी दोन दिवस बसून खोडरबराने सगळं स्वच्छ केलं, आणि वर त्याचे पैसेही घेतले नाहीत! बाई पानं उलटत गेल्या आणि रडायला लागल्या. त्यांच्या वडिलांनी चाळीस वर्षं देवाशी जे बोलणं केलं होतं ते मी पुसून टाकलं होतं. तेव्हापासून कुठल्याही ग्रंथातली पेन्सिलीची खूण मालकाला विचारल्याशिवाय पुसत नाही.

प्रोटेस्टंट घरात बायबल मराठीत असलं म्हणून कमी पवित्र होत नाही. भाषांतर हाच ग्रंथ. म्हणून तर विल्यम केरींनी 1811 साली बंगालमध्ये श्रीरामपूरला बसून मराठी नवा करार छापला, आणि पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्यात घातली. देव आपल्या भाषेत बोलतो, तर त्याच्यासमोर पेन्सील घेऊन बसायला हरकत काय, असा तो हिशेब. कॅथलिकांकडे थोडं वेगळं: त्यांच्या बायबलात 66 ऐवजी 73 पुस्तकं, आणि चर्चमध्ये शुभवर्तमानाच्या ग्रंथाला धूप दाखवतात, धर्मगुरू त्याचं चुंबन घेतात.

बौद्ध घरांतून येणारं पुस्तक बहुतेक एकच, बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्याचा धम्म'. मूळ इंग्रजी, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली निघालेलं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी त्याचं वाचन चालतं. एक वाचतो, बाया-माणसं ऐकतात, मध्येच कुणी प्रश्न विचारतं. पुस्तकासमोर फूल असतं, मेणबत्ती असते. पण ग्रंथात लिहिलंय म्हणून खरं मानू नका, असं बुद्धांनी कालाम लोकांना सांगितल्याचं त्याच विहारात सांगितलं जातं. मिलिंद महाविद्यालयात शिकलेले एक सर त्यांची प्रत बांधायला आणतात. समासात जागोजागी प्रश्नचिन्हं असतात. ती मी अर्थात पुसत नाही.

जैनांचं थोडक्यात सांगतो. ते येतात तेव्हा पहिला प्रश्न मजकुराचा नसतो, सरसाचा असतो. सरस म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद. जिनवाणीला, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथांना, तो चालत नाही, कातडी पुठ्ठाही नाही. गव्हाची खळ आणि कापड. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, दिगंबर मंदिरांत ग्रंथ बाहेर काढतात, झटकतात, नव्या वस्त्रात बांधतात. मूळ अंगग्रंथ विसरत विसरत नष्ट झाले आणि उरलेलं षट्खंडागमात लिहून ठेवलं, असं ते मानतात. एकदा गमावलं म्हणून आता सांभाळतात. वाळवीच्या दृष्टीने इतका शहाणा सण मी दुसरा पाहिला नाही.

आता तुमच्या पेटीचं.

पहिल्या, अक्षर लागणाऱ्या पोथीत पिवळे पट्टे दिसतायत. तो हरताळ. चुकलेल्या अक्षरावर तो फासायचे. 'हरताळ फासणे' इथूनच आलं. ते आर्सेनिकचं संयुग आहे, तेव्हा थुंकीने बोट ओलं करून पानं उलटू नका, आणि हात धुवा. कागद बहुधा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा असावा, त्या कागदावर मी कुराणही पाहिलंय आणि पोथीही. शाई काजळाची असणार. पाणी लागलं की ती पसरते, म्हणून ओल्या फडक्याने पुसू नका. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. लाल फडक्याचा रंग सुटत असेल तर धुतलेल्या मांजरपाटात बांधा. 'बासनात गुंडाळणे' हे आपण टाकून देण्याला म्हणतो, पण पोथीच्या बाबतीत बासनच तिला वाचवतं. वेखंडाची पुरचुंडी शेजारी ठेवा, पानांत नको.

गुरुचरित्र छापील आहे, मी शिवून देईन, अजून वीस वर्षं वाचा.

कुराण आजोबांच्या मित्राच्या घरी पोचवता आलं तर सगळ्यात चांगलं. त्यांचा पत्ता लागला नाही तर जवळच्या मशिदीत इमामसाहेबांना द्या. पानं फाटली असतील तर ते म्हणतील, "शहीद हो गए," आणि जिथे कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी पुरतील किंवा खोल पाण्यात सोडतील. गोदावरी ठरलीच, तर ती त्यांच्या हातून आणि त्यांच्या रीतीने. नेताना स्वच्छ कापडात गुंडाळून छातीशी धरा, भाजीच्या पिशवीत नको.

बायबलच्या आतल्या पानावर काही नावं लिहिलेली दिसतायत. त्यांच्यापैकी कुणी हयात असेल तर आधी त्यांना विचारा. माझ्याकडे दिलंत तर पाठ बदलेन, आतल्या खुणांना हात लावणार नाही.

स्कॅन मुलाला जरूर करू द्या. फ्लॅश बंद ठेवा, पोथीची पानं सपाट दाबू नका. पेटी मात्र ठेवू नका. तिच्या तळाच्या डाव्या कोपऱ्यात वाळवीची माती आहे, तिसऱ्या फोटोत दिसते.